अक्का, डब्याचं तेवढं राहिलं

अक्का,

तुमच्या खोलीत आता ज्वारीच्या कोठ्या ठेवल्या आहेत. रागावू नका. रिकामी खोली यांना बघवत नव्हती, आणि कोठ्यांना घरात जागाही नव्हती. तुमचं टेबल मात्र मी हलू दिलं नाही. टेबलावर तुमचा काळा डबा आहे आणि त्याचे हिरवे दिवे लुकलुकतात. मध्यंतरी त्यातली गाणी बंद पडली होती. ती कशी बंद पडली आणि पुन्हा कशी लागली, हे तुम्हाला सांगायचं आहे. दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं ते नाही, आणि चारचौघांत माझं तोंड उघडत नाही हे तुमच्याइतकं कोणाला माहीत? लिहिताना बरं असतं. कोणी तोंडाकडे बघत नाही.

नर्सबाई म्हणून तुम्ही शिंदखेड्यापासून शिरपूरच्या पलीकडे पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत गावं पालथी घातलीत. बाळंतिणीजवळ बसलेल्या बायका जे गुणगुणायच्या ते मोबाईलमध्ये भरून आणायचात. श्रावणात बसते त्या कानबाई देवीची गाणी, हळदीची गाणी, दळणाच्या ओव्या. मोबाईल भरला की सगळं त्या डब्यात. मी एकदा विचारलं, "अक्का, एवढ्या गाण्यांचं करायचं काय?" तुम्ही म्हणालात, "लोणचं घालतेस ते काय त्याच दिवशी संपवतेस का?"

मला हसू आलं होतं. पण त्या लोणच्यात माझीही फोड पडेल हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

त्या दुपारी घरात कोणी नाही असं समजून मी पीठ चाळत होते आणि चाळता चाळता गात होते. गाणं माझंच होतं, कोणाकडून शिकलेलं नव्हे. आपल्या बोलीत आपोआप जुळलेलं.

सासूनी चावी तिन्हा कंबरले,
गूय मांगाले गऊ, पानी दिन्हं माले.

आमची पोर पोटात होती तेव्हाचं ते. गुळाची इतकी वासना झाली होती, आणि कपाटाची किल्ली आईंच्या कमरेला. मागायला गेले तर त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. कोणाला बोलले नाही. पोर मोठी झाली, तिचं लग्न झालं, ती शिरपूरला नांदते, आई गेल्या, तरी चाळणी हातात घेतली की ते गाणं तोंडात यायचं. मान वर केली तर दारात तुम्ही, मोबाईल पुढे धरलेला.

"काय वं सिंधू! मन्ही मायनी चुगली, आनि ती बी मन्हाच मोबाईलमा!"

आईंची लेक असून तुम्ही एवढ्या हसलात की चष्मा काढून पुसायला लागलात. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. मी म्हटलं, "अक्का, पाया पडते, पुसून टाका."

"पुसत नाही. आधी हे ऐक." आणि तुम्ही आईंचं गाणं लावलंत. कानबाईच्या वेळी भरलेलं, पण कानबाईचं नव्हे. सगळ्या बायका उठून गेल्यावर आई एकट्याच गात बसल्या होत्या, त्यांच्या सासूने सुनेच्या भाकरी कशा मोजल्या ते. त्यांचा आवाज त्यात बारीक होता. मला नेहमी दटावणारा आवाज तो नव्हताच. मी म्हटलं, "या आई आहेत?" तुम्ही म्हणालात, "या आई सून असतानाच्या."

मग आपलं भांडण झालं. तुमचं म्हणणं, ही दोन गाणी शेजारी शेजारी राहिली पाहिजेत, एक काढलं तर दुसरं लंगडं होईल. माझं म्हणणं, मला न विचारता माझा आवाज घेतलात कसा? यांनी ऐकलं तर काय वाटेल? आईंवर यांचा किती जीव होता. तुम्ही म्हणालात, "कुलूप आहे डब्याला. पासवर्ड माझ्या एकटीजवळ. मी आहे तोवर कोणी ऐकणार नाही."

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?"

"तेव्हा तू आहेस ना."

मला राग आला होता, अक्का. त्या दिवशी तुम्हाला वाढलं, पण आणखी हवं का ते विचारलं नाही. तुम्ही स्वतः उठून ठेचा घेतलात आणि मुद्दाम मोठ्याने म्हणालात, "आज ठेच्याले भलती चव शे." मग त्याच संध्याकाळी परातीतल्या पिठावर बोटाने इंग्रजी अक्षरं काढायला बसवलंत मला. रोज दोन-तीन. चौथी शिकलेल्या बाईला या वयात काय करायची एबीसीडी, मी म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, "बसच्या पाट्या वाच, औषधाच्या गोळ्या वाच. माझ्यावर उपकार नको करू." पुढे डब्याचा विषय आपण दोघींनीही काढला नाही. मिटला नव्हता, झाकून ठेवला होता.

जळगावच्या दवाखान्यात तो तुम्ही उघडायला गेलात. हे उशाशी होते, मी पायाशी. तुम्ही म्हणालात, "सिंधू, डब्याचं तुला सांगून ठेवते."

यांनी लगेच तुमचा हात धरला. "अक्का, निरवानिरवीची भाषा नको. असं अशुभ बोलू नये. बरी होऊन घरी यायचंय तुला."

"बापू, नर्स मी आहे, तू नाहीस," तुम्ही म्हणालात.

पण यांचे डोळे भरून आले तसं तुम्ही बोलणं फिरवलंत आणि चहा मागितलात. चहा पिण्यासारखी तुमची तब्येतही नव्हती. मीसुद्धा "राहू द्या अक्का, नंतर बघू" असंच म्हटलं. आपल्याकडे असंच करतात. आजारी माणूस मागचं-पुढचं बोलायला लागलं की सगळे मिळून त्याचं तोंड बंद करतात आणि त्याला माया म्हणतात. मायाच असते ती. पण तुम्हाला काय सांगायचं होतं ते राहून गेलं.

पुढचं तुम्हाला कळलं तर तुम्ही हसाल. तुमच्या तेराव्याला दानाच्या वस्तू काढल्या. गादी, छत्री, तांब्या, चपला. तुमचे काका, नाना म्हणाले, तिला जे प्रिय होतं ते द्यावं, म्हणजे तिथं तिची अडचण होत नाही. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. तुमच्या हातात रात्रंदिवस काय असायचं? मोबाईल. नानांनी तो पुसून, कुंकू लावून, गादीवर ठेवला आणि गुरुजींना दिला. कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

त्यानंतर घर धुतलं, तेव्हा डब्याची वायर काढली होती. पुन्हा लावली तर दिवे लागले, पण गाणी लागेनात. आईंचा आवाज ऐकायचा म्हणून यांनी आपल्या मोबाईलवरून डबा जोडून बघितला, तर तो पासवर्ड मागायला लागला. तुमच्या मोबाईलला तो ओळखत होता, म्हणून तुम्हाला कधी विचारत नसे. हे धावत गुरुजींकडे गेले. गुरुजी म्हणाले, "अहो, सूनबाईला वापरायला दिला. आधी दुकानातून सगळं पुसून आणला. गेलेल्या माणसाचं काही राहू नये ना त्यात!"

हे परत आले ते पायरीवरच बसले. म्हणाले, "आईचा आवाज दुसरा कुठे आहे? आईचा फोटो आहे, साडी आहे. आवाज त्या डब्यातच."

मी पाणी दिलं. अक्का, तेव्हा माझ्या मनात दोन गोष्टी होत्या, त्या तुम्हालाच सांगते. यांचा चेहरा बघवत नव्हता. आणि डबा उघडला नाही तर माझं गाणं कायमचं कुलपात राहील, हेही वाटत होतं.

मग यांनी अंदाज करायला सुरुवात केली. आईंचं नाव, गावाचं नाव, तुमची जन्मतारीख, आपल्या पोरीचं नाव. डबा प्रत्येक वेळी नाही म्हणायचा, आणि चारदा नाही म्हटलं की बराच वेळ रुसून बसायचा. शेवटी हे डब्यावरच्या नंबरला फोन लावून बसले. पलीकडचा माणूस हिंदीत म्हणाला, मागे बारीक भोक आहे, त्यात टाचणी घालून दाबून धरा, सगळं नव्यासारखं होईल. हे खूश झाले. माझ्या बांगडीतली सेफ्टी पिन काढून घेतली आणि डबा उलटा केला.

मी यांचा हात धरला.

"काय झालं?"

"थांबा. नवा डबा रिकामा असतो."

यांनी माझ्याकडे बघितलं, मग पिनेकडे. पिन खाली ठेवली आणि कपाळाचा घाम पुसला. मी काही फार विचार करून बोलले नव्हते. स्वयंपाकघरात जन्म गेला, नवा डबा म्हटलं की मला रिकामाच दिसतो. पण नंतर वाटलं, मी गप्प बसले असते तर माझं गाणं आपोआप गेलं असतं आणि कोणी मला बोल लावला नसता. त्या क्षणी ते सुचलंच नाही. बरं झालं नाही सुचलं.

हे कामाला जातात त्या कापसाच्या जिनिंगमध्ये कोणीतरी यांना सांगितलं की धुळ्यात एक शकीलभाऊ आहेत, दुकानांच्या कॅमेऱ्यांचे डबे दुरुस्त करतात, असले अडलेले डबेही उघडून देतात. सुट्टीच्या दिवशी आम्ही निघालो. डबा तुमच्या निळ्या शालीत गुंडाळून मी मांडीवर घेतला. अमळनेरहून गाडी सुटली तसा कंडक्टर आला. शालीला बोट लावून म्हणाला, "मिक्सर शे का, भाऊ?"

हे म्हणाले, "हा, मिक्सर."

"दुरुस्तीले? सोडा ना, धुळ्यामा नवाच भेटी जाई."

हे खिडकीबाहेर बघायला लागले. मी शाल नीट केली. तुम्ही असता तर त्या कंडक्टरला वाट्टेल ते सांगून सगळी गाडी हसवली असती.

शकीलभाऊंनी आधी डबा हातातच घेतला नाही. म्हणाले, "डबा कोणाचा? मालक कुठे आहे?" यांनी मृत्यूचा दाखला काढून दिला. त्यांनी तो नीट वाचला, दोन्ही हातांनी परत दिला, आणि म्हणाले, "माफ करा. कोणाचाही डबा मी असा उघडत नाही. अक्कांनी नुसतं दाराला कुलूप लावलंय की आतलं सामानही कोड्यात बांधून ठेवलंय, ते बघावं लागेल. दाराचं कुलूप असेल तर उघडता येईल. सामान बांधलेलं असेल तर मीही काही करू शकणार नाही."

त्यांनी डब्याला टीव्हीसारखा पडदा जोडला आणि अक्षरांची पाटी जोडली. डबा सुरू करताच एक बटण टकटक दाबत राहिले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या होत्या, त्या थांबल्या. ते म्हणाले, "याच्या आत लिनक्स आहे. तो आतला कारभारी समजा. रोज उठून तो सगळी दारं लावतो आणि मग येणाऱ्याला शब्द विचारतो. आपण त्याला आज अर्धवट जागा करतोय. दारं लावायच्या आधीच आत शिरायचं." एका ओळीत त्यांनी काहीतरी बदललं, पुन्हा सुरू केला, आणि पडद्यावर एकच छोटी खूण लुकलुकत राहिली. काही विचारत नव्हती. सांगा काय करू, अशी नुसती थांबलेली.

"सामान बांधलेलं नाही," शकीलभाऊ म्हणाले. "तुमच्या आईंचा आवाज सुखरूप आहे."

हे बाकावर बसले आणि रुमाल तोंडावर धरला.

जरा वेळाने यांनी विचारलं, "मग आता अक्काचा पासवर्ड दिसेल ना? काय ठेवला होता बघू तरी."

"नाही दिसणार. डब्यालाच माहीत नाही."

"म्हणजे?"

"दादा, चक्कीतून निघालेल्या पिठाची परत ज्वारी होते का? डबा शब्द ठेवत नाही, शब्दाचं पीठ ठेवतो. अक्का शब्द टाकायच्या तेव्हा तो पुन्हा दळायचा आणि पिठाला पीठ लावून बघायचा. सारखं निघालं की दार उघडायचा. जुना शब्द काढून देणं माझ्या हातात नाही. त्याच्या जागी नवा ठेवता येतो, एवढंच."

यांना वाईट वाटलं. तुमचा शेवटचा एक शब्द तरी हाती लागेल अशी आशा यांना होती. मला मात्र बरं वाटलं, अक्का. तुमचा शब्द तुमच्याबरोबर गेला. कोणी त्याला उघडं पाडलं नाही.

पण एक विचारावंसं वाटत होतं. परक्या माणसाशी बोलायला माझी जीभ जड होते. तरी विचारलं, "भाऊ, एवढं सोपं आहे तर कुलपाचा उपयोग काय?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "ताई, बरोबर विचारलंत. हे कुलूप लांबून येणाऱ्यासाठी. डबा ज्याच्या हातात आहे त्याला फार अडवत नाही. घरात डबा असला की घरातली माणसं हेच कुलूप."

इतकी वर्षं मला वाटत होतं की माझं गाणं त्या कुलपात आहे. ते तुमच्याजवळ होतं. तुमच्या जिवंतपणी यांनी कितीदा म्हटलं असेल, "अक्का, सगळी गाणी लाव." तुम्ही एखादं हळदीचं लावून द्यायचात. मी आतून कान देऊन ऐकायचे, पुढचं माझं येतं की काय म्हणून. कधी आलं नाही. तुम्ही मला ते बोलूनही दाखवलं नाहीत.

"नवा शब्द कोण टाकणार?" शकीलभाऊंनी विचारलं. "डबा सांभाळणार कोण?"

यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "मी."

माझा आवाज मलाच परका वाटला. यांनी वळून बघितलं, पण बाजूला सरकून जागा दिली. शकीलभाऊ म्हणाले, "टाका. घाबरू नका, टाकताना पडद्यावर काही दिसणार नाही. ठिपकेसुद्धा नाहीत. आपल्याला वाटतं काहीच उमटलं नाही, पण तो ऐकत असतो." आणि दोघांनीही पाठ फिरवली.

मी एकेक अक्षर शोधत बोटाने दाबलं, परातीतल्या पिठावर काढायचे तसं. पडदा खरंच कोराच राहिला. मला हे यंत्र आवडलं, अक्का. लिहायचं आणि दिसायचं नाही. जन्मभर मी दुसरं काय केलं? पहिल्यांदा चुकले. दोनदा टाकायचा असतो आणि दोन्ही सारखे पडले पाहिजेत. पुन्हा टाकला. खाली एक ओळ आली. शकीलभाऊ वळून म्हणाले, "झालं. आजपासून मालक तुम्ही."

हे चहा सांगायला बाहेर गेले. तेवढ्यात शकीलभाऊंनी डबा नेहमीसारखा सुरू करून आतली नावं दाखवली. एका खाली एक, तुम्ही मराठीतच लिहिलेली. "आई", आणि तिच्या खाली "सिंधू".

ते म्हणाले, "काही काढून टाकायचं असलं तर आताच दाखवतो. एका बटणाचं काम आहे."

तुम्ही असेपर्यंत मी हेच तर मागत होते. आता मागायचीही गरज नव्हती, पाया पडायचीही नाही. मी ती दोन नावं बघत बसले. माझं नाव असं कुठे लिहिलेलं मी फारसं बघितलेलं नाही. रेशनकार्डावर असतं, पण तिथे आधी यांचं असतं.

"नको," मी म्हटलं. "राहू द्या."

भांडणात मी हरले, अक्का. पण तुम्ही समोर असता तर इतक्या सहज हरले नसते, हेही लिहून ठेवते.

संध्याकाळी घरी आल्यावर यांनी मोबाईल घेतला. पासवर्ड मी टाकून दिला. आईंच्या नावावर यांचं बोट गेलं तेव्हा मी म्हणाले, "आईंच्या नंतर लगेच माझं गाणं आहे. आईंबद्दलच आहे. ऐकायचं तर ऐका. मी भाकरी टाकते."

मी आत गेले. तवा तापत ठेवला आणि ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ मळायला घेतलं. आईंचा बारीक आवाज आला. पहिल्यांदा, मग पुन्हा पहिल्यापासून. यांच्या नाकाचा आवाज आला. मग चाळणीचा आवाज, आणि मी. माझ्या हातातली भाकरी थापता थापता फाटली. मी ती मोडून पुन्हा गोळा केला.

गाणं संपलं. हे दारात येऊन उभे राहिले.

"गूळ खरंच नाही दिला?"

"नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आईंना जाऊन सांगितलं असतं."

यांनी विचार केला. "हा, सांगितलं असतं," म्हणाले. मग भिंतीला टेकून खाली बसले, परातीजवळ. "आईला पण कोणी दिला नसेल," असं जरा वेळाने म्हणाले. मी भाकरी उलटली. ती फुगली. मग यांनीच विचारलं, "तुझं एवढंच आहे? पुढे काही नाही भरलं अक्काने?"

"नाही."

"आता कोण भरणार?" हे म्हणाले.

हे मला विचारत होते, स्वतःला की तुम्हाला, ते मला कळलं नाही.

आणि अक्का, मग मी ते केलं जे तुम्हाला कोणी करू दिलं नाही. हातातलं पीठ झटकलं आणि म्हणाले, "डब्याचं एक सांगून ठेवते. माझ्यानंतर तुम्हाला लागेल."

"ए, असं अशुभ बोलू..."

यांचं वाक्य तिथेच थांबलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, तरी मी हात लावला नाही. हे माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच जवळ सरकले, परात माझ्यापुढे ओढली, आणि उरलेलं पीठ हाताने सपाट केलं.

"लिही," म्हणाले. "सावकाश लिही."

मी लिहिलं. यांनी वाचलं, ओठ हलवून पाठ केलं, आणि हाताने पुसून टाकलं.

काय लिहिलं ते तुम्हाला सांगत नाही. तुम्ही तरी कुठे सांगितलंत.